झेलणाऱ्याला कळेल असं नाव

तू ऑफिसात नेमकं करतेस तरी काय, असं आई मला अधूनमधून विचारते आणि मी दर वेळी वेगळंच काहीतरी सांगते. मागच्या वर्षी सांगितलं की, प्रोग्राम कुठे अडला की तो बोंब मारतो, आणि त्या बोंबांना नावं ठेवायचं काम सध्या माझ्याकडे आहे. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नावां ठेवूक तू पयल्यापासूनच हुशार." बाबा पलंगावर पडल्या पडल्या हसले. तोंडाची एकच बाजू हसली, पण हसले.

काम खरंच तेच होतं. आमची अंधेरीची कंपनी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करणाऱ्या लॅबसाठी सॉफ्टवेअर बनवते. पेशंट वेळ ठरवतो, माणूस घरी येतो, नळी भरून नेतो, रिपोर्ट फोनवर येतो. इतक्या साध्या वाटेवरही अडायच्या जागा पुष्कळ. आम्ही ज्या भाषेत लिहितो तिच्यात अशी अडचण आली की प्रोग्राम त्या अडचणीची एक वस्तू बनवतो आणि वर फेकतो. तिला एक्सेप्शन म्हणतात. वरच्या कोणीतरी ती झेलायची आणि पुढचं बघायचं. कोणीच झेलली नाही तर सगळा कारभारच आटोपतो. प्रत्येक तऱ्हेच्या अडचणीचा एक वर्ग असतो, वर्गाला नाव असतं, आणि माणसांसारखे वर्गांनाही आईबाप असतात. 'वेळ आधीच भरलेली' आणि 'पत्ता अपुरा' ही भावंडं धरली तर 'बुकिंग जमलं नाही' ही त्यांची आई, आणि सगळ्यांच्या वर नुसतं 'एक्सेप्शन' हा मूळ पुरुष. ज्याला नेमकं एक भावंड हवंय त्याने ते झेलावं. ज्याला भावंडांतला फरक नकोय त्याने सरळ आईला झेलावं.

आमच्याकडे या घराण्याचा पार विचका झाला होता. जो येईल तो आपला वर्ग काढून जाई. 'लॅबएक्सेप्शन' होता, 'न्यूलॅबएक्सेप्शन' होता, आणि 'लॅबएक्सेप्शनटू' कोणी आणि का काढला हे विचारायला तो माणूसच कंपनीत उरला नव्हता. एकाने वैतागून वर्गाचं नाव 'असं होऊच शकत नाही' असं ठेवलेलं. ते रोज होत होतं. पण माझं डोकं फिरायचं ते वेगळ्याच गोष्टीने. काही ठिकाणी लोकांनी मूळ पुरुषालाच झेललं होतं आणि झेलून आत काहीच केलं नव्हतं. नुसते दोन कंस, मध्ये रिकामी ओळ. अडचण गिळून टाकायची आणि वर सांगायचं, सगळं ठीक आहे. तिकडे पेशंट सकाळपासून उपाशीपोटी दाराकडे डोळे लावून बसलेला, आणि आमची स्क्रीन म्हणते, तुमचं बुकिंग पक्कं झालं आहे.

मी शिस्तीची बाई आहे. माझ्या फडताळात वाट्यांत वाट्या आणि डब्यांत डबे बसतात. मी नेट लावून सगळे वर्ग गोळा केले आणि ज्या त्या खात्यात घातले. डेटाबेसमधून येणारे एकीकडे, एसेमेसचे दुसरीकडे, नकाशाचे तिसरीकडे. लांबलचक, नेमकी नावं दिली. मला फार समाधान वाटलं.

टीममध्ये ठाण्याहून येणारी एक मुलगी आहे, माझ्यापेक्षा बरीच लहान आणि जिभेला हाड नसलेली. माझा कोड तपासायला तिच्याकडे गेला. ती खुर्ची सरकवत माझ्या टेबलापाशी आली.

"यार, नावं झकास आहेत. वाचलं की कळतं कुठे वाट लागली ते. पण मी ते झेलून करू काय, ते नाही कळत ना."

मी तिला म्हटलं, ते तुझं तू बघ. त्या दिवशी डबाही मी एकटीनेच खाल्ला. पण बोचत राहिलं, कारण तिचं खरं होतं. झेलणाऱ्याला बोंब कुठून आली याच्याशी फारसं घेणं नसतं. त्याला एवढंच हवं असतं की थोड्या वेळाने पुन्हा करून बघू, की पेशंटला काहीतरी विचारू, की हात जोडून थांबू. सोमवारी मी सगळं मोडलं आणि पुन्हा मांडलं. वरती तीनच आया ठेवल्या: 'पुन्हा प्रयत्न चालेल', 'माणसाला विचारावं लागेल' आणि 'आता थांबा'. बाकी सगळ्यांना त्यांच्या पदरात घातलं. ज्या दोन भावंडांना कोणीच कधी वेगवेगळं वागवत नाही, त्यांचं एकच पोर केलं. कुठल्या पेशंटचं आणि कुठल्या वेळेचं अडलं, ते प्रत्येकाच्या पोटात घातलं. आणि वर देताना नाव बदललं तरी मूळ कारण आत तसंच जपायचं, ते वाटेत टाकून द्यायचं नाही, हा नियम केला. त्या मुलीने वाचलं आणि माझ्या टेबलावर एक खारी आणून ठेवली.

आता घरचं सांगते, कारण मला सांगायचंय ते तेच.

माझे बाबा मालवणी. आधी गिरणीत होते, गिरणी गेल्यावर एका औषध कंपनीच्या गोदामात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. बोरिवलीला गोराई रोडच्या आमच्या सोसायटीत त्यांचा आवाज खालच्या गेटपर्यंत जायचा. प्रत्येक अडचणीला त्यांच्याकडे वेगळी शिवी होती. रिक्षावाला नाही म्हणाला की एक, लाइट गेली की दुसरी, टीव्हीवरच्या पुढाऱ्याला खास राखून ठेवलेली तिसरी. जिन्यातून नुसती शिवी ऐकून आई सांगायची की आज भाजी महाग मिळालेली दिसते.

मग त्यांना झटका आला. उजवा हात-पाय गेला आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, डोळ्यांत दिसायचं, पण तोंडातून एकच शब्द यायचा: "अगो." आयुष्यभर आईला मारलेली हाक तेवढी उरली. तहान लागली की अगो, पाठीला रग लागली की अगो, खाली गोराईची मासेवाली ओरडली की तिच्याकडे बोंबील कसे आहेत बघ म्हणून अगो. इतक्या शिव्यांच्या मालकाकडे एवढंच उरलेलं बघून मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते.

आईला सगळं कळायचं. कसं कळतं विचारलं तर तिला सांगता यायचं नाही. "माका काय म्हायती, कळता," म्हणायची. मी मात्र बाबांची तोंडी परीक्षाच घ्यायचे. पाणी? उशी? पंखा? लघवी? पाचव्या प्रश्नाला ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. थेरपीवाल्या बाईंनी चित्रांचा पुठ्ठा दिला होता, तो त्यांनी डाव्या हाताने पलंगाखाली लोटला.

ऑफिसात त्या तीन आया मांडल्या त्या आठवड्यात मला घरीही उमगलं की मी इथेसुद्धा खातीच पाडत बसले होते. मग कारण शोधणं सोडलं आणि नुसती ऐकत राहिले. तुटक, वर चढणारी हाक आली की हातातलं टाकून धावायचं. लांबवलेली आली तर कुकरची शिट्टी होईपर्यंत चालतं. आणि खालच्या पट्टीतली, जरा उशिराने येणारी एक होती, तिला काहीही करायचं नसतं, जाऊन नुसतं शेजारी बसायचं असतं. जवळ गेल्यावर काय हवंय ते त्यांचे डोळेच सांगायचे. हे जमायला लागल्यावर बाबा माझ्याशी परत बोलायला लागले. म्हणजे अगोच म्हणायचे, पण भिंतीकडे तोंड करायचे नाहीत. त्या दिवसांत मी इतकी खूश होते की ऑफिसात गुणगुणायचे.

आणि त्याच जोरावर मी आईच्या मागे लागले. तिचा डावा गुडघा पार गेला होता. तो बदलायला हवा हे डॉक्टरांनी कधीच सांगितलं होतं, पण तेंका कोण बघतला, म्हणून ती ढकलत होती. मी म्हटलं, मला आता कळतं. मी घरून काम करीन. मावशी मालाडहून येऊन तुझ्यापाशी हॉस्पिटलात राहील. ती कशीबशी तयार झाली, पण तिने एक अट घातली.

"तेंका सांगू नको गो. तेंच्या जीवाक लागात. म्हायेराक गेलंय म्हणान सांग."

आमच्याकडे हे नवीन नाही. आमच्या घराण्यात वाईट बातमी कधी तिच्या खऱ्या नावाने येत नाही. आजोबा गेले तेव्हा बाबांना गावाहून फोन आला होता, जरा बरं नाही, निघून ये. आत्या गेली तेव्हा निरोप होता, हॉस्पिटलात नेलंय. बाबा पुढे काही न विचारता कपाटातून पांढरा सदरा काढून पिशवीत घालायचे. सांगणाऱ्याला ठाऊक असायचं आणि ऐकणाऱ्यालाही. मेलेल्या माणसाचं नाव फोनवर घ्यायला कोणाची जीभ रेटत नाही, त्यात वाईट काही नाही. एवढंच की मग कोणी खरोखर नुसतं आजारी असलं तरी गावभर रडारड होते. हे सगळं माहीत असून मी आईला बरं म्हटलं. ऑफिसात रिकामे कंस दिसले की मी आरडाओरडा करते, आणि घरी मला त्यात काही गैर दिसलं नाही.

आई सकाळी बॅग घेऊन गेली. संध्याकाळी तिने वॉर्डातूनच फोन केला, पोचलय म्हणाली, बाबांनी कानाला लावून ऐकलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, त्यामुळे फोन नाही. मावशीचे फोन मी स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात घेत होते. दुपारी शेजारच्या काकू आल्या. त्यांना ऑपरेशनचं माहीत होतं, आणि त्या मालिका बघतानाही रडतात. त्यांनी बाबांचा हात हातात घेतला, येतील हो, सगळं नीट होईल, म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपले. माझी धावपळ नको म्हणून जाताना पिठलं-भाताचा डबा ठेवून गेल्या.

बाबांनी तोंड उघडलं नाही. मी घास पुढे केला तर ओठ घट्ट मिटले. जरा वेळाने खालच्या पट्टीत म्हणाले, "अगो." मी माझ्या शहाणपणाप्रमाणे जाऊन शेजारी बसले. ते थांबले नाहीत. पुन्हा अगो, पुन्हा अगो, एकाच सुरात, माझ्या तोंडाकडे बघत. मी म्हटलं, सगळं ठीक आहे बाबा. आई मजेत आहे. रात्री त्यांनी दूधही घेतलं नाही.

सकाळी चहा नाकारला. त्यांच्या गोळ्या रिकाम्या पोटी देता येत नाहीत, म्हणजे गोळ्याही गेल्या, आणि त्यातली एक रक्त पातळ ठेवायची. आता मला भीती वाटायला लागली. ऑपरेशन उत्तम झाल्याचं मावशीने कळवलं होतं. मध्येच आईला फोन दिला, तर आई ग्लानीतल्या आवाजात म्हणाली, "माका बरा आसा. तेंका जेवान घाल." तो आवाज ऐकून बाबा घाबरतील म्हणून मी फोन त्यांच्या कानाशी नेला नाही. परत येऊन म्हटलं, आईचा फोन होता, ठीक आहे ती. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी अनोळखी कोणीतरी असावे.

दुपारी काकूंचा डबा पुन्हा आला. बाबांनी तो डाव्या हाताने सरकवला, कपाटाकडे बोट केलं आणि म्हणाले, "अगो." मी कपाट उघडलं. चादर दाखवली, नको. टॉवेल, नको. लुंगी, नको. बोट वर गेलं, हँगरकडे. मी एकेक कपडा हात लावून दाखवत गेले आणि पांढऱ्या सदऱ्याला हात लागला तेव्हा बोट खाली आलं.

हा घालून कुठे जायचंय बाबा, असं विचारायला मी वळले. टेबलावर पिठलं-भाताचा डबा होता. शेजाऱ्यांच्या घरून येणारा पिठलं-भात. आमच्या ओट्यावरचा गॅस कालपासून धड पेटला नव्हता. स्वयंपाकघरात कुजबुजते फोन, काकूंचा पदर, आणि विचारेल त्याला सगळं ठीक आहे. आमच्यासारख्या घरात जन्म काढलेल्या माणसाने यातून दुसरं काय समजायचं होतं? कालपासून ते मला विचारत होते की ती कधी गेली आणि मला का नेत नाही. आणि मी शेजारी बसून त्यांना थोपटत होते.

मी पलंगावर बसले आणि त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. म्हटलं, "बाबा, आई आहे. जिवंत आहे. गुडघा बदललाय तिचा. हॉस्पिटलमध्ये आहे."

हॉस्पिटल हा शब्द तोंडातून गेला तसे त्यांचे डोळे मिटले. आत्याच्या वेळचाच शब्द होता तो. आमच्या घरातल्या सगळ्या शब्दांची आम्हीच अशी वाट लावून ठेवलेली की आता खरं सांगायलाही धड शब्द उरला नव्हता. मावशीला फोन लावला, ती म्हणाली, आईला आत्ताच नर्स चालवायला घेऊन गेल्यात, थोड्या वेळाने करते. फोन स्पीकरवर होता. हे ऐकून बाबांनी मान दुसरीकडे केली. त्यांच्या कानाला ती आणखी एक थाप.

मग मी पांढरा सदरा परत अडकवला आणि निळा चौकड्यांचा शर्ट काढला. त्यांनी मान हलवली. मी म्हटलं, "पांढरा नाही बाबा. त्याची गरज नाहीये. चला, डोळ्यांनी बघा." त्यांचा गेलेला हात आधी बाहीत घातला, मग चांगला. वॉचमनने व्हीलचेअर खाली न्यायला मदत केली, ती घडी करून रिक्षात मागे कोंबली. बाबा पूर्ण वाटभर डोळे मिटून बसले होते. त्यांचा चांगला हात माझ्या हातात होता, थंडगार.

वॉर्डात आई पलंगावर उशांना टेकून बसली होती. पाय पट्ट्यांनी बांधलेला, समोर जेवणाचं ताट. मावशी खाली औषधं आणायला गेली होती. आई मला बघून चिडली.

"ह्येंका कित्याक हाडलंस?"

मी खुर्ची तिच्या पलंगाला लावली. बाबांनी डोळे उघडले. ते बघतच राहिले. हात पुढे करून त्यांनी आधी तिच्या मनगटाला हात लावला, मग कोपराला, मग गालाला. चाचपून बघत होते. आई माझ्याकडे बघायला लागली. मी सांगितलं की यांना वाटलं तू गेलीस, कालपासून अन्नाला शिवले नाहीत, गोळ्यासुद्धा नाहीत. तिच्या तोंडावरचा राग उतरला.

"मी हंयच आसय," ती त्यांना म्हणाली. "खंय जातलंय तुमका सोडून?"

मग तिने ताट मांडीवर ओढलं, वरणभात कालवला आणि त्यांच्या तोंडापुढे घास धरला. त्यांनी तोंड उघडलं. ओठाच्या गेलेल्या कडेने भात बाहेर आला, तो तिने बोटाने पुसला आणि दुसरा घास धरला. नर्स आल्या, म्हणाल्या, आजी, ते तुमचं जेवण आहे. आईने ऐकलंच नाही. नर्सने सवयीने विचारलं, दुखत नाहीये ना, आणि आई सवयीने म्हणाली, नाही हो, बरं आहे. मला, मावशीला, डॉक्टरांना ती ऑपरेशनपासून हेच सांगत होती.

नर्स गेल्या. बाबांनी डावा हात उचलून तिच्या बांधलेल्या गुडघ्याच्या जरा वर ठेवला, अगदी हलका, आणि म्हणाले, "अगो."

आईचा हात ताटातच थांबला. तिचे डोळे भरून आले.

"दुखता हो," ती म्हणाली. "खूप दुखता." आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून ती लहान मुलीसारखी रडायला लागली. ताट कलंडायला आलं होतं, ते मी धरलं.